चौरंगाखालच्या विटा

"ओ! थांबा! त्याला हात लावायचा नाही!"

मनालीचा आवाज इतका चढला की समोरच्या ओट्यावर सुकट निवडणाऱ्या विमलाबाईंनी सूपच खाली ठेवलं. आणि तो मुलगा… तो होता तसाच थांबला. अर्धा वाकलेला, एका हातात मोजपट्टी, दुसरा हात चौरंगाच्या कडेजवळ. मे महिन्याच्या त्या मरणाच्या उकाड्यात अंगावर रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात तसलं चमकणारं जाकीट! कानामागून घाम ओघळत होता, आणि चेहरा असा, की जणू शेवटच्या बाकावर डबा खाताना पकडलाय.

"सॉरी… मी फक्त विटा मोजत होतो."

"आमच्या घरात शिरून आमच्याच विटा मोजताय?"

"तुमच्या आईंनीच आत बोलावलं. पाणी देते म्हणाल्या…"

तेवढ्यात आई तांब्या-भांडं घेऊन आलीच. "अगं, महापालिकेच्या कामासाठी आलाय तो. कुठल्या घरात पाणी कुठवर येतं ते बघतोय."

"मग पाणी बघा ना. गणपतीचा चौरंग कशाला?"

तो सरळ उभा राहिला. उंच होता. म्हणजे… चांगलाच उंच होता. मुर्धा गावातल्या त्या बैठ्या घरात त्याच्या डोक्याला पंखा लागतो की काय, अशी मनालीला भीती वाटली. आणि अनोळखी माणसाच्या डोक्याची आपल्याला एवढी काळजी का, याचं लगेच आश्चर्यही वाटलं.

"कारण असं मी कुठेच बघितलं नाही," तो म्हणाला. "चौरंगाखाली विटांचे थर. वरच्या विटा लालभडक, खालच्या पार काळ्या पडल्यात. हे काय आहे?"

आता काय सांगणार! त्यांच्या आळीच्या मागेच खाडी. भाद्रपदातल्या उधाणाला पाणी घरात यायचं. माणसांचे पाय भिजले तर भिजले, पण देवाचे भिजून कसं चालेल? म्हणून ज्या वर्षी पाणी चौरंगाला टेकलं, त्याच्या पुढच्या गणपतीला बाबा खाली विटांचा अजून एक थर लावायचे. आजोबांच्या काळी चौरंग जमिनीवरच असायचा. आता तो मनालीच्या गुडघ्याच्याही वर आला होता, आणि वर्षभर तिथंच, कोपऱ्यात, वर चादर घालून ठेवलेला असायचा.

"आणि हात का नाही लावायचा?"

"तो फक्त घरच्यांनी उचलायचा. आमच्यात तसंच आहे. शेजारी नाही, पाहुणे नाही, कोणी नाही."

"बरं. आणि मोजायचा झाला तर?"

"मोजा. पण लांबून."

"लांबून," त्याने अगदी शहाण्या मुलासारखी मान हलवली, गुडघ्यावर बसला आणि चौरंगाला चुकूनही न टेकवता, हवेतच पट्टी धरून मोजायला लागला. इतका जपून… की मनालीला हसू दाबता दाबता ठसका लागला.

त्याने वर बघितलं. आणि तोही हसला.

झालं! एवढंच झालं. पण त्या संध्याकाळी मनालीने भातात मीठ घातलं नाही, आणि आमटीत मात्र दोनदा घातलं.

* * *

बीकॉम झाल्यापासून मनाली राई गावाच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात बसायची. एका दुपारी काउंटरवर एक कागद सरकला.

"एक कॉपी."

तोच! आज जाकीट नव्हतं. निळा शर्ट होता, आणि निळा त्याला… असो.

दुसऱ्या दिवशी परत. एक कॉपी. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत.

"तुमच्या ऑफिसात मशीन नाहीये का हो?" शेवटी मनालीने विचारलंच.

"आहे ना. मोठं आहे."

"मग?"

"ते बोलत नाही."

बघा म्हणजे! मनाली झटकन मशीनकडे वळली, कारण चेहऱ्यावर जे काय उमटत होतं ते त्याला दिसायला नको होतं. त्या गडबडीत भलतंच बटण दाबलं गेलं आणि मशीन कॉप्यांवर कॉप्या ओकायला लागलं.

"एकच हवी होती," तो म्हणाला.

"राहू द्या. उद्याची, परवाची, सगळी एकदम घेऊन जा."

"नको. उद्याची उद्याच नेतो."

त्याचं नाव सार्थक. सार्थक शिगवण, मूळचा रत्नागिरीकडचा, आता मीरा रोडला. इंजिनिअरिंग झाल्यावर ठाण्याच्या एका छोट्या संस्थेत लागला होता. आणि त्या संस्थेला काम मिळालं होतं शहराच्या हवामान आराखड्याचं.

"म्हणजे नक्की करता काय तुम्ही?"

"समुद्र वर येतोय. पाऊस महिन्याचा दिवसात पडतोय. उन्हाळा तर बघतेच आहेस… बघताच आहात. तर पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठे काय होईल, आणि कुठे आधी काय करायचं, ते शहराने आत्ताच ठरवून ठेवायचं. नकाशात तीन रंग. हिरवा म्हणजे निवांत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे पहिला नंबर. जिथे लाल, तिथे पहिल्या टप्प्यात काम."

"आणि आमच्याकडे काय काम करणार?"

"नवी उघाडी. आणि पंप."

मनालीने मान वर केली. उघाडी! खाडीच्या बांधातलं ते लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, गावातलं पाणी बाहेर सोडायचं, आणि भरतीला मिटून खाडीला बाहेर अडवायचं. तिच्या फळ्या कधीच्या कुजल्या होत्या. बाबा, म्हणजे दशरथ भोईर, त्या एका दारासाठी कचेऱ्या झिजवून थकले होते. आणि हा मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावर राहणारा मुलगा तो शब्द असा बोलला, जणू त्याच्याच घराचं दार आहे.

"मीरा रोडला पण पाणी तुंबतं ना?" ती उगाच म्हणाली.

"तुंबतं की. पण आम्ही वर असतो. खाली पार्किंगमध्ये फक्त माझी स्कूटर पोहते."

"आणि… 'आहेस' चालेल," मनाली कॉपी देताना हळूच म्हणाली. "'आहात' नको."

* * *

जुलैत आराखड्याचा कच्चा नकाशा जाहीर झाला. मनालीनेच दुकानात त्याची कलर प्रिंट काढली. कागद वरून हळूहळू बाहेर येत होता… आधी डोंगरी गावाकडचा हिरवा, मग थोडा पिवळा, मग खाडी, आणि खाडीला चिकटून त्यांची आळी.

लाल. टोमॅटोसारखी लाल!

आणि खरं सांगू, मनालीला आनंदच झाला. पहिला नंबर! तिने लगेच फोटो काढून भावाला पाठवला. सूरजला. तो भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता, आणि गणपती झाले की त्याचा साखरपुडा होता, तारोडीच्या आरोहीशी. सूरजने तो फोटो कौतुकाने आरोहीला पाठवला. आरोहीच्या मोबाईलवरून तो तिच्या वडिलांनी बघितला.

संध्याकाळी त्यांचा, म्हणजे ईश्वरकाकांचा, फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"दशरथशेठ, राग मानू नका. पोरगी हाय माझी. लाल पट्ट्यातल्या घरात कशी देऊ? उद्या ते घर पाण्यात गेलं, न्हायतर सरकारनं उठवलं, तर काय करू?"

"अहो, तसं काय न्हाय त्यात…"

"तुम्ही आदी तो रंग काढा. मग बघू."

फोन बंद झाला. सूरज ताटावरून उठला. आई नुसती भाताच्या पातेल्यावरचं झाकण उघडत राहिली आणि लावत राहिली. आणि मनालीने आपल्या मोबाईलवरून तो फोटो पुसून टाकला. फोटो तिने पाठवला होता. तिने!

दुसऱ्या दिवशी सगळी आळी दुकानात. प्रत्येकाला नकाशा हवा. मालकाने कलरची शाई संपली म्हणून साध्या कॉप्या काढल्या, तर त्यात लाल काय नि पिवळं काय, सगळंच काळं.

"अगं बाय! आमचं घर तर जळलेलंच दाखवलंय!" विमलाबाई किंचाळल्या.

कोणी म्हणे लाल म्हणजे घरं पाडणार. कोणी म्हणे लाल घरावर बँक कर्ज देत नाही. कोणी म्हणे बिल्डरचाच डाव. शेवटी ठरलं, की महापालिकेच्या सुनावणीला अख्ख्या आळीने जायचं आणि रंग काढायला लावायचा. बोलणार कोण? "मनालीच. तिला बोलता येतं," विमलाबाई म्हणाल्या. "भांडता पण येतं."

त्या दिवशी संध्याकाळी शेअर रिक्षाच्या स्टँडवर सार्थक उभा होता. पाऊस तिरका येत होता. मनाली छत्री न उघडताच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू काढलास ना तो नकाशा?"

त्याने आधी छत्री तिच्यावर धरली. "कॉम्प्युटरने काढला. उंचीचे आकडे मी टाकले."

"मग आमचा रंग काढून टाक."

"असा कसा काढू? ते काय रांगोळीतलं…"

"मला नाही माहीत कसा! माझा भाऊ कालपासून जेवला नाहीये, सार्थक."

पहिल्यांदाच नाव घेतलं होतं तिने त्याचं. दोघांनाही ते कळलं. मागून रिक्षावाला ओरडला, "मुर्धा, मुर्धा, एक सीट! मॅडम, आना है क्या?" पण कोणी हललं नाही. छत्री सगळी तिच्या बाजूला कलली होती. त्याच्या शर्टाचा एक खांदा पार भिजून गडद झाला होता.

"बघतो," तो म्हणाला. इतक्या हळू, की ते तिला ऐकू आलं की नुसतं दिसलं, कोण जाणे.

* * *

चार-पाच दिवसांनी तो दुकानात आला. पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"कलर प्रिंट. एक."

कागद सरकत सरकत बाहेर आला. डोंगरी हिरवी… खाडी… आणि मनालीने डोळेच चोळले. आळी पिवळी होती! हळदीसारखी पिवळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे… कसं काय?"

"आळीच्या तोंडाशी उंचीचा एक आकडा होता, अख्ख्या आळीचा रंग त्यावरच ठरतो. तो… परत तपासला." बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. कान मात्र लाल झाले होते. नकाशातला सगळा लाल जणू तिथेच जाऊन बसला होता. "सुनावणीत हाच नकाशा लागणार आहे."

मनालीने काउंटरवरूनच त्याचं मनगट धरलं. घट्ट. मग दोघांनी एकदमच त्या हातांकडे बघितलं, आणि तिने हात असा मागे घेतला की जणू मशीन तापलंय.

"थँक्यू," ती म्हणाली.

"'थँक्यू' नको," तो म्हणाला. "'एक कॉपी' म्हण. ते बरं वाटतं."

आळीत नुसती दिवाळी! विमलाबाईंनी सार्थकसाठी दोन मोठी पापलेटं पिशवीत घालून दिली. ती घेऊन बिचारा बसमधून मीरा रोडला गेला, आणि आजूबाजूच्या सीटा आपोआप रिकाम्या झाल्या. ईश्वरकाकांचा फोन आला, "मंग काय, तारीख धरायची का?" सूरज दोन ताटं भात जेवला.

मनाली हसत होती. सगळ्यांबरोबर हसत होती. पण रात्री अंथरुणावर पडली की एकच प्रश्न. 'परत तपासला' म्हणजे कधी? आळीत तर कोणीच आलं नव्हतं. काठी घेऊन नाही, पट्टी घेऊन नाही. तिला विचारायचं होतं. रोज विचारायचं होतं. आणि रोज, तो काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला की… विचारलं तर हे सगळंच जाईल, असं वाटायचं. भावाचं हसू. आईची झोप. आणि हा कोपर टेकून उभा राहणारा.

म्हणून ती विचारत नव्हती. कॅलेंडरवर अमावस्या, म्हणजे उधाणाचा दिवस, मात्र रोज बघत होती.

* * *

अमावस्या रविवारी आली. भरती भर दुपारची, आणि पाऊस सकाळपासून एका लयीत, थांबायचं नाव नाही.

पाणी आवाज न करता येतं. आधी मोरीतून बुडबुडे आले. मग मागच्या दाराखालून एक काळी रेघ आत सरकली, जिभेसारखी. आईने गॅसचा सिलिंडर कट्ट्यावर चढवायला घेतला. सूरज आणि बाबा कपाटातल्या खालच्या कप्प्यातले कपडे उचलायला धावले. आळीत आरडाओरड, भांड्यांचे आवाज, कोणाचं तरी लहान मूल रडतंय…

"मनाली! ए मनाली! माझे गुडघे उठत न्हाय गं!" समोरून विमलाबाईंची हाक.

मनाली पाण्यातून पलीकडे गेली. विमलाबाई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर मच्छीची पाटी धरून, आणि खाटेचे पाय दिसत नव्हते. त्या बाईला कधी कोणी घाबरलेलं बघितलं नव्हतं. बाजारात पोलिसालासुद्धा गप्प करणारी बाई! आज तिने मनालीचा हात धरला तो सोडेचना.

"आता तर आपण पिवळे झालो ना गं?" त्या म्हणाल्या. "मग हे का आलं?"

मनालीने त्यांच्या मांडीवरची पाटी उचलून माळ्यावर ठेवली.

त्यांना वरच्या माळ्याच्या शिडीवर बसवून ती घरी परतली. पाणी विटांवर चढत होतं. काळा थर गेला. मधला गेला. वरचा, लालभडक, तोही गेला… आणि मग चौरंगावरच्या चादरीचं टोक ओलं झालं.

मनालीने फोन लावला. "ये," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ये."

तो आला तेव्हा त्याची जीन्स मांड्यांपर्यंत भिजली होती. आळीच्या तोंडाशीच तो थबकला होता, ते तिने दारातून बघितलं होतं. जिथे तो आकडा होता, बरोबर तिथे. पाणी त्याच्या गुडघ्यावर होतं.

"ही तुझी पिवळी आळी," ती म्हणाली.

त्याने गुडघ्यापर्यंतच्या पाण्याकडे बघितलं.

"खरं सांग. तपासला होतास?"

"नाही. वाढवला. एकच आकडा. अर्ध्या हाताएवढा. तू त्या दिवशी पावसात उभी होतीस आणि… मला दुसरं काही सुचलंच नाही. तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मनाली."

किती वाईट आहे बघा! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी असं काही बोलत होतं, आणि ते ऐकताना पायाला कोणाची तरी वाहून आलेली चप्पल लागत होती. तिला रडू येत होतं, आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"तूच म्हणाला होतास ना, लाल म्हणजे पहिला नंबर? मग पिवळे झालो तर आमची उघाडी?"

"दुसऱ्या टप्प्यात गेली."

"दुसरा टप्पा म्हणजे कधी?"

"सात-आठ वर्षं. कदाचित जास्त."

आत आई चौरंगावरची चादर पिळत होती. तेवढाच आवाज.

"परत लाल कर," मनाली म्हणाली.

"तुझ्या भावाचं लग्न…"

"ते मी बघते. तू लाल कर."

"गुपचूप नाही करता येणार. नकाशा वर गेलाय. सांगावं लागेल सगळ्यांसमोर." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "नोकरी जाईल बहुतेक."

"मला माहितीये," ती म्हणाली, आणि आवाज फुटलाच. "मला काय आनंद होतोय का रे हे सांगताना?"

* * *

सूरजला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ओहोटीनंतर तो घरातला चिखल खराट्याने लोटत होता. तिने सगळं सांगितलं. फोटोचं, आकड्याचं, सार्थकचं. सार्थकचं सांगताना ती जरा अडखळली. सूरजने खराटा थांबवला.

"तो पापलेटवाला?"

"हं."

सूरजने भिंतीवरची पाण्याची ओली रेघ बघितली. मग परत चिखल लोटायला लागला. "बोल तू सुनावणीत," तो म्हणाला. "आरोहीशी मी बोलतो. चिखल तिलाही काढता येतो का, विचारतो."

सुनावणीच्या सभागृहात एसी इतका होता की मनालीचे दात वाजत होते. निदान तिने स्वतःला सांगितलं की एसीच. समोर उपायुक्त मॅडम, पाठीमागे भिंतीवर तो नकाशा, त्यात त्यांची पिवळीधमक आळी. तिचं भाषण पाठ होतं. पण तिच्या आधी सार्थक उठला.

"मॅडम, मुर्ध्याच्या त्या आळीचा आकडा चुकीचा आहे. चुकून झालेला नाही. मी बदललाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि मग विमलाबाई.

"म्हंजे आम्ही परत लाल? मेल्या, माझी पापलेटं खाल्लीस ना रे!"

एकच गोंधळ. कोणी उठलं, कोणी खुर्ची आपटली, मॅडम टेबलावर हात मारत होत्या. सार्थक मधोमध उभा होता, मान खाली, आणि त्याच्याकडे बघून मनालीचे दात वाजायचे थांबले.

"मॅडम, मी बोलू का?"

पाठ केलेलं सगळं ती विसरली. तिने सांगितलं फक्त घरातल्या चौरंगाचं. खालच्या काळ्या विटांचं, वरच्या लाल विटांचं, रविवारी भिजलेल्या चादरीचं. "आम्हाला लाल रंगाची भीती वाटते, मॅडम. माझ्या भावाचं लग्न अडलंय त्यापायी. पण पाणी काय रंग बघून येत नाही. आमचं लाल राहू दे. आणि उघाडी आधी द्या. तेवढंच."

ती बसली. आता आळी आपल्याला खाणार, असं तिला वाटलं.

बाबा उठले. त्यांना काही जास्त बोलायचं नव्हतंच. "विटा मी लावल्यात," म्हणाले. "हाय ते खरं हाय."

मग मागून कोणीतरी म्हणालं, की आमचा फ्रिज पण दगडांवर आहे. अजून एक म्हणालं, आम्ही उंबरा दोनदा वाढवलाय, पाहुण्यांना सांगतो वास्तुदोष होता. एकेक करत सगळे. प्रत्येक घराने काही ना काही उचलून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की असं फक्त आपल्याकडेच. शेवटी विमलाबाई, खुर्चीला धरून, गुडघे सांभाळत. "माझी खाट कधीची डब्यांवर हाय. तरी पण बुडली. लिवा लाल."

मॅडमनी आळीची मोजणी नव्याने करायला सांगितली, लोकांच्या समोर. मग सार्थककडे वळल्या. "तुम्ही या कामातून बाजूला व्हा. आजपासून."

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जाताना त्याने एकदाच मनालीकडे बघितलं… आणि गर्दीतून बाहेर गेला.

दुकानात तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मोजणीला दुसरंच कोणीतरी आलं, चमकणाऱ्या जाकिटात, बुटकं. आळी लाल झाली. ईश्वरकाकांचा फोन आला नाही. सूरज म्हणायचा, "आरोही बोलतेय घरात," आणि फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. मनाली कोऱ्या कागदांच्या कॉप्या काढायची. काय करणार मग!

* * *

गणपती तोंडावर आले. बाबांनी नव्या विटा आणून ओट्यावर रचल्या. या वर्षी पाणी चौरंगाला टेकलं होतं, म्हणजे एक थर लावावा लागणार होता. उघाडीचं काम दिवाळीनंतर सुरू होणार, अशी पाटी बांधावर लागली होती. पण या भाद्रपदाचं पाणी काही पाटी वाचून थांबणार नव्हतं.

मनाली आतल्या विटा पुसत होती, तेव्हा दारात सावली पडली. उंच.

जाकीट नव्हतं. पट्टी नव्हती. हातात नुसती छत्री, तीही मिटलेली, आणि बाहेर तर पाऊस होता.

"आता काय मोजायला आलास?" तिने विचारलं. पाठमोरीच. कारण वळली असती तर…

"काही नाही. कामच नाहीये." मग थोडं थांबून, "दुसरीकडे बोलणं चाललंय. मिळेल बहुतेक."

"मग?"

"आईला सांगितलं मी. सगळं. आकडा, सुनावणी, नोकरी." तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता. "आणि… मुलगी लाल पट्ट्यातली आहे, हे पण सांगितलं."

मनालीच्या हातातलं फडकं थांबलं. छातीत असं काही धडधडलं की तिला वाटलं विटा हलल्या. ईश्वरकाकांचा तो आवाज कानात घुमला. लाल पट्ट्यातल्या घरातली…

"काय म्हणाल्या?"

"आधी नोकरीवरून शिव्या घातल्या. तासभर. मग म्हणाली, माझं माहेर चिपळूणचं, ते कुठे कोरडं आहे?"

मनाली वळली. तो खरंच भिजला होता, केसांपासून. तिला हसू आलं, आणि डोळ्यांतून भलतंच काहीतरी आलं, आणि दोन्ही एकदम पुसायला हातात फक्त विटांचं फडकं होतं.

आतून सूरज ओरडला, "मने! आरोहीचा मेसेज आलाय! ईश्वरकाका दर्शनाला येतो म्हणतायत! विटा बघायच्यात म्हणे त्यांना!"

"येऊ देत!" ती ओरडली. आणि मग हळू आवाजात, दाराकडे, "तू आत ये. चपला काढ. पाय पूस."

तो आत आला. पंखा सांभाळून. कोपऱ्यात चौरंग तसाच, खालचे थर काळे, आणि शेजारी नव्या विटा. मनालीने चौरंगाची एक बाजू धरली. बाबा दारातून बघत होते, आई स्वयंपाकघरातून. समोरच्या ओट्यावर विमलाबाई तर उघडउघड मान लांब करून.

"धर," मनाली म्हणाली.

"काय?"

"दुसरी बाजू. मला एकटीला उचलत नाही."

त्याचे हात पुढे आले आणि तिथेच थांबले, लाकडापासून दोन बोटांवर, अगदी त्या मे महिन्यातल्यासारखे. "पण हा तर… घरचेच उचलतात ना?"

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली. "धर आता. हात भरून आले माझे."